आई दारूच्या थेंबाला शिवली नाही, तरी अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या. लिव्हरचा काय संबंध?

माचीवरून

नमस्कार मंडळी. जरा पाल्हाळ होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. आई वय 62, सातारा. शुगर बरीच वर्षं आहे, वजन थोडं जास्त, बाकी कामाला वाघीण. मागच्या पावसाळ्यात ताप आला म्हणून रक्त तपासलं तर प्लेटलेट 84 हजार. सीझनच डेंग्यूचा, त्यामुळे टेस्ट निगेटिव्ह आली तरी सगळ्यांनी डेंग्यूच धरला आणि पपईच्या पानांचा रस सुरू झाला. ताप गेला, प्लेटलेट मात्र 90 च्या आसपासच घुटमळत राहिल्या. दवाखान्यात म्हणाले काहींच्या कमीच असतात, शुगर सांभाळा. विषय संपला.

आता गेल्या आठवड्यात तिला दोन दिवस काळी शी होत होती, ती कुणाला बोललीच नाही, लोहाच्या गोळ्या चालू आहेत त्याने असेल म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी चक्कर येऊन खाली बसली आणि मोरीत रक्ताची उलटी, गुठळ्यांसकट. 108 बोलावली, आधी इथे सलाईन लावलं, मग पुण्याला. रात्रीच स्कोपी (घशातून दुर्बीण घालून तपासणी) केली. रिपोर्टवर "ईसोफेजियल व्हेरिसेस ग्रेड 3", म्हणजे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा, त्यांना पाच रबरी बँड टाकले, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. आणि मग डॉक्टर म्हणाले सिरोसिस आहे.

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो, कारण आमच्या घरात दारू कुणी घेत नाही, आई तर संक्रांतीच्या तिळगुळाशिवाय कशाच्या वाटेला जाणारी नाही. राउंडला आलेल्या ज्युनिअरने तिच्या तोंडावर विचारलं, "आजी, खरं सांगा, घेता का?" ती अजून त्यावर धुसफुसतेय.

मला कळत नाहीये ते असं की दुखणं लिव्हरचं, मग शिरा अन्ननलिकेत का फुगतात? बँड टाकले म्हणजे मिटलं का? आणि आईचं बीपी 110/70 असताना तिला कार्व्हेडिलॉल ही बीपीची गोळी का दिलीय, मेडिकलवाला पण दोनदा विचारत होता. कुणाच्या घरी झालं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. मी ऑफिसातून चोरून चोरून वाचतेय, रिप्लायला उशीर झाला तर राग मानू नका.

दोनवेळचा_चहा

ताई, आधी आईला आराम पडो. आमच्या बाबांना हेपटायटिस बी मुळे सिरोसिस होता, त्यामुळे हे सगळं जवळून बघितलंय. मी डॉक्टर नाही, पण आमच्या गॅस्ट्रोवाल्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं ते लिहितो.

आतडी, जठर आणि प्लीहा (गावाकडे पानथरी म्हणतात ती) यांचं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते सगळं एका मोठ्या शिरेत जमा होतं, तिला पोर्टल व्हेन म्हणतात, आणि तिथून लिव्हरमध्ये शिरतं. मिनिटाला साधारण लिटरभर. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी पाऊण हिस्सा याच वाटेने येतो. लिव्हर मऊ असलं की हे रक्त आरामात झिरपत पलीकडे जातं. सिरोसिसमध्ये लिव्हरमध्ये व्रणासारखा चिवट धागा तयार होतो, गाठी होतात, वाट आवळते, आणि मागे प्रेशर चढतं. याला पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. हाताला पट्टा बांधून मोजतात ते बीपी वेगळं, हे वेगळं. हाताचं बीपी 110 असलं तरी पोटातल्या या शिरेत प्रेशर तुंबलेलं असू शकतं, गोंधळ तिथेच होतो.

गणपतीत पुण्यात लक्ष्मी रोड बंद केला की पीएमपीची बस काय घरी जाते का? सदाशिव पेठेतल्या बोळात घुसते, जिथे रिक्षा पण जीव मुठीत धरून जाते. तसंच आहे. रक्ताला लिव्हरमधून जाता येईना की ते जठराच्या वरच्या बाजूने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या बारक्या शिरांमध्ये शिरतं आणि छातीतल्या शिरांमधून हृदय गाठतं. या शिरा त्या कामाच्या नाहीतच. त्या फुगतात, वाकड्यातिकड्या होतात, आणि तिथे त्यांच्यावर आवरण अगदी पातळ असतं, म्हणून फुटतात त्या तिथे. काही लोकांच्या बेंबीभोवती निळ्या शिरा दिसतात त्या पण याच आडवाटा.

आणि प्लेटलेटचं उत्तर पण यातच आहे. प्रेशर प्लीहेवरही येतं, ती मोठी होते आणि प्लेटलेट स्वतःत अडकवून ठेवते. शिवाय प्लेटलेट बनवायचा सिग्नल देणारं एक हार्मोन लिव्हरच तयार करतं, ते पण कमी पडतं. पपईचा रस पिऊन त्या वाढणार कुठून? जुनी सोनोग्राफी असेल तर काढा आणि त्यात "स्प्लीन" (म्हणजे प्लीहा) समोर काय आकडा लिहिलाय बघा. मी पैज लावतो.

माचीवरून

पैज जिंकलात. कपाटातली सगळी फाईल उपसली. 2017 ची सोनोग्राफी, "ग्रेड 2 फॅटी लिव्हर". 2021 ची, परत "ग्रेड 2 फॅटी लिव्हर" आणि खाली बारीक अक्षरात स्प्लीन 13.4 सेमी, "माइल्ड स्प्लिनोमेगॅली", म्हणजे प्लीहा थोडी मोठी. आत्ताची 15.2. हे कुणीच मोठ्याने वाचून दाखवलं नाही हो. फॅटी लिव्हर म्हटलं की सगळे "आजकाल सगळ्यांनाच असतं" म्हणायचे, आणि असतंच की ऑफिसात निम्म्या लोकांना.

आत्ताचे बाकी आकडे पण देते. बिलिरुबिन 1.6, अल्ब्युमिन 3.1, आयएनआर 1.4, पोटात थोडंसं पाणी. हेपटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. ऑटोइम्यून वगैरेच्या टेस्ट पण नॉर्मल. म्हणजे शेवटी फॅटी लिव्हर आणि शुगर, असंच डॉक्टर म्हणतायत.

निसर्गवाटा

ताई घाबरू नका. ॲलोपथीत लिव्हरला औषधच नाही, ते फक्त बँड टाकत बसतात, मीटर चालू. भुईआवळा, पुनर्नवा आणि गुळवेल यांचा काढा सकाळी अनशापोटी द्या, सोबत उसाचा ताजा रस. माझ्या काकांची कावीळ आठ दिवसांत गेली. तीन महिन्यांत लिव्हर नव्यासारखं होईल.

तालुक्याचा_फिजिशियन

वरच्या सल्ल्यावर आधी बोलतो, कारण तो लगेच अमलात आणायचा मोह होतो. हे करू नका. काकांची कावीळ बहुतेक हेपटायटिस ए किंवा ई ची असणार, ती बऱ्याचदा काहीही न करता उतरते, त्याचं श्रेय मग ज्याने शेवटी जे दिलं त्याला जातं. सिरोसिसचं गणित वेगळं. आणि गुळवेलीबद्दल तर स्पष्टच सांगतो, कोविडच्या काळात लोक इम्युनिटीसाठी रोज काढे पीत होते तेव्हा मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आलेल्या पेशंटच्या केसेस 2021 मध्ये छापल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, पण पुढच्या वर्षी देशातल्या बऱ्याच सेंटर्सनी मिळून आणखी केसेस मांडल्या. धडधाकट माणसाचं एक वेळ निभावतं, चाइल्ड बी लिव्हरला असला धक्का परवडत नाही. उसाच्या रसाबद्दल शुगरच्या पेशंटला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

चाइल्ड बी का म्हणालो, तर तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून चाइल्ड-प्यू स्कोअर (सिरोसिस किती गंभीर ते सांगणारा, ए-बी-सी असे गट) 7 येतो (आई शुद्धीत, नीट बोलतेय असं धरून). म्हणजे मधला गट. लिव्हर थकलंय, पण अगदी मान टाकलेली नाही.

आता कार्व्हेडिलॉल. ही मूळची बीपी आणि हृदयाची गोळी खरी, पण इथे ती पोर्टल प्रेशरसाठी दिलीय. ती हृदयाचा वेग कमी करते, आतड्यांकडे जाणारं रक्त थोडं आवरते आणि लिव्हरमधला अडथळाही जरा सैल करते. पूर्वी यासाठी प्रोप्रॅनोलॉल देत, अजूनही देतात, पण हल्ली कार्व्हेडिलॉलला पसंती आहे. साधारण 6.25 पासून सुरू करून 12.5 पर्यंत नेतात. एकदा रक्तस्राव झालेल्या माणसाला बँड आणि गोळी दोन्ही लागतात, कारण दोन्ही मिळून परत फुटायची शक्यता नुसत्या एकापेक्षा कमी होते. लक्ष कशावर ठेवायचं तर वरचं बीपी 90 च्या खाली, नाडी 50 च्या जवळ, उभं राहताना गरगरणं, लघवी कमी होणं, यातलं काही झालं तर डॉक्टरांना फोन. दम्याचा त्रास असेल तर आधीच सांगा. मात्र मेडिकलवाल्याने भुवया उंचावल्या म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही, अचानक थांबवली तर प्रेशर पुन्हा उसळतं.

हे लिव्हर आणि प्रेशरचं नातं आकड्यांत पण मोजता येतं. मानेतल्या शिरेतून नळी घालून लिव्हरच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक मोजतात. 5 पर्यंत नॉर्मल, 10 झाला की व्हेरिसेस तयार व्हायला लागतात, 12 च्या वर त्या फुटू शकतात. सगळ्यांची ही टेस्ट करत नाहीत, गरजही नसते. फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) 20 च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर सिरोसिसच्या पेशंटला स्क्रीनिंगची स्कोपीसुद्धा टाळता येते, कारण अशा माणसात मोठ्या व्हेरिसेस सापडणं दुर्मिळ. तुमच्या आईंचा प्लेटलेटचा आकडा वर्षभर उलटं ओरडत होता.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांच्या घरी शुगर आणि फॅटी लिव्हर दोन्ही आहे. फिब-4 नावाचा हिशोब आहे, नेटवर कॅल्क्युलेटर मिळतो, लागतं काय तर वय, एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतले दोन आकडे) आणि प्लेटलेट. 1.3 च्या खाली बहुतेक ठीक (पासष्टी ओलांडली असेल तर 2 पर्यंत चालतं), 2.67 च्या वर असेल तर लिव्हरवाल्यांकडे जा. ताई, मागच्या पावसाळ्यातले एसजीओटी-एसजीपीटी असतील तर टाका.

माचीवरून

एसजीओटी 58, एसजीपीटी 41, प्लेटलेट 84 हजार, तेव्हा वय 61.

तालुक्याचा_फिजिशियन

6.6 येतो. ताप असताना काढलेला आकडा थोडा फुगतो, तरी 6.6 म्हणजे 6.6.

स्कोपरूम

मी पुण्यात एंडोस्कोपी रूमला टेक्निशियन आहे, कुठल्या हॉस्पिटलात ते राहू द्या. बँडबद्दल कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहितो, नातेवाईक बाहेर बसून नको नको त्या कल्पना करत असतात.

पेशंटला डाव्या कुशीवर घेतो, घशात बधिर करायचा स्प्रे मारतो, दातात माउथपीस. दुर्बीण अन्ननलिकेतून खाली जाते तसतशा खालच्या टोकाला निळसर उभे फुगवटे दिसायला लागतात, आतल्या पोकळीत घुसलेले. मोठे असले की हवा भरून पण दबत नाहीत. त्यांच्यावर लाल रेघा किंवा लाल ठिपके दिसले की आमचे सर एकदम गप्प होतात, कारण ती जागा फुटायच्या बेतात असते. मग दुर्बीण बाहेर काढून टोकाला पारदर्शक टोपी चढवतो, तिच्यावर रबराचे बँड आधीच ताणून बसवलेले असतात, एका सेटमध्ये सहा-सात. परत आत जायचं, जठराच्या तोंडापासून सुरुवात करून वर वर यायचं. शिरेला टोपी टेकवून सक्शन द्यायचं, शीर टोपीत ओढली जाते, स्क्रीन पूर्ण लाल होतो, काहीच दिसत नाही, तेव्हा हाताशी असलेली चकती फिरवायची, टक्क होतं आणि बँड सुटतो. मागे येऊन बघितलं की शिरेची गळा आवळलेली जांभळी गाठ दिसते. एवढंच. टाके नाहीत, कापाकापी नाही.

ती गाठ काही दिवसांत सुकून बँडसकट गळते आणि शीतून निघून जाते. तिथे छोटी जखम राहते, ती भरेपर्यंतचे दोन आठवडे जपायचे. छातीत दुखणं, गिळताना अडकल्यासारखं होणं पहिले दोन-तीन दिवस होतंच, घाबरू नका. पहिला दिवस पातळ, मग पेज, मऊ भात, ताकभात, कोमट वरण. कडक भाकरी, चिवडा, भाजलेले दाणे, गरम गरम चहा हे नंतर. ॲसिड कमी करायची गोळी थोडे दिवस देतात ती जखम भरायला.

आणि हो, एकदा बँड म्हणजे संपलं नाही. दोन ते चार आठवड्यांनी परत बोलावतात, शिरा सपाट होईपर्यंत. नंतर तीन-सहा महिन्यांनी बघायला, मग साधारण वर्षातून एकदा. बँडने लिव्हरमधलं प्रेशर काही कमी होत नाही, त्यामुळे नव्या शिरा फुगू शकतात. पहिलं बँडिंग झाल्यावर "आता बरं वाटतंय" म्हणून गायब झालेले पेशंट परत येतात ते रात्री दोन वाजता, बादलीसकट.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र हॉस्पिटलात बसतो, त्याला ॲडमिट व्हायच्या आधी गाठा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

दोनवेळचा_चहा

रात्री दोनवरून आठवलं. परत उलटी झाली किंवा काळी, चिकट, विचित्र वास येणारी शी झाली तर ॲसिडिटी समजून सकाळची वाट बघायची नाही. लोहाच्या गोळीने पण काळी होते पण ती बहुतेक घट्ट असते आणि तो वास नसतो. तरी शंका आली की हिमोग्लोबिन करून घ्या, घरी बसून वास घेत ठरवू नका. स्कोपी जिथे रात्री होते असं हॉस्पिटल कुठलं ते आत्ताच हेरून ठेवा, जवळचं कुठलंही नाही चालत. आमच्याकडे बाबांना पहिल्यांदा जिथे नेलं तिथे ही सोयच नव्हती, चार तास नुसत्या सलाईनवर गेले आणि मग सांगितलं दुसरीकडे हलवा.

तालुक्याचा_फिजिशियन

बरोबर. आमच्यासारख्या ठिकाणी स्कोपी नसली तरी दोन गोष्टी लगेच सुरू करता येतात, शिरांचं प्रेशर उतरवणारं इंजेक्शन (टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड) आणि अँटिबायोटिक. ते देऊन पुढे पाठवायचं, बारा तासांच्या आत स्कोपी व्हावी असा नियम. रक्त किती चढवायचं यावरून नातेवाईक भांडतात, "हिमोग्लोबिन 8 च आहे, अजून दोन पिशव्या द्या". मुद्दाम देत नाही हो. 7-8 वर ठेवतो, कारण भरमसाठ रक्त दिलं की पोर्टल प्रेशर वाढतं आणि परत फुटतं.

दुखण्याच्या गोळ्यांचं सांगायचं राहिलं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, गुडघेदुखीला मेडिकलवरून आणतात त्या लाल-पिवळ्या पट्ट्या, सगळं बंद. रक्तस्राव होऊ शकतो आणि किडनी पण बसते. फार दुखलं तर पॅरासिटामॉल, दिवसाला 2 ग्रॅमच्या आत, तेही विचारून.

वऱ्हाडी_ठेचा

थोडं वेगळं सांगतो, कारण इथे सगळे लिव्हर लिव्हर करून राह्यलेत. माझ्या भाच्याले सातव्या वर्षी रक्ताची उलटी झाली. लिव्हर ठणठणीत. नागपुरात डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केलं तर निघालं का पोर्टल व्हेनच लिव्हरच्या बाहेर बंद झालेली आहे, लहानपणीच कधीतरी. लिव्हर चांगलं पण त्याच्याकडे जायचा रस्ताच बंद, म्हणून शिरा फुगल्या. आपल्या देशात लहान लेकरांत हे बरंच दिसते म्हणाले. कावीळ नाही, काही नाही, फक्त पोटात डाव्या बाजूले प्लीहा हाताले लागे. लोकं म्हणत नजर लागली. बँडिंग केलं, नंतर शंटचं, म्हणजे रक्ताले दुसरी वाट काढून द्यायचं, ऑपरेशन झालं, आता कॉलेजात आहे. घरात असं लेकरू असलं तर तापात आयब्युप्रोफेनचं सिरप अजिबात देऊ नका.

आणि ताई, त्या ज्युनिअर डॉक्टरचं मनावर घेऊ नका. 

माचीवरून

सगळ्यांचे खूप आभार, प्रिंट काढून बाबांना दिलीय, ते पेनाने खुणा करत वाचतायत. आईला "दारू नाही, शुगर आणि चरबीमुळे" हे डॉक्टरांनी सगळ्या मावश्यांसमोर सांगितलं तेव्हा कुठे तिचा चेहरा उजळला. निसर्गवाटा, तुमचा हेतू चांगला आहे पण काढा देणार नाही.

अजून थोडं विचारते. जेवणात काय? एक नातेवाईक म्हणतात प्रोटीन बंद, डाळ-अंडी काही नको. आणि फायब्रोस्कॅन केलाच नाही, सांगू का करायला? आणि पुढे ट्रान्सप्लांटच का?

तालुक्याचा_फिजिशियन

प्रोटीन बंद हा जुना समज. सिरोसिसमध्ये स्नायू झपाट्याने झिजतात, त्यामुळे उलट किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन हवं. डाळ, ताक, पनीर, अंडं, जे पचेल ते. रात्री झोपताना काहीतरी खाऊन झोपू द्या, रात्रभर उपाशी पोट या लिव्हरला सोसत नाही. म्हणजे चतुर्थी-एकादशीचे उपास बंद, हे पटवायचं काम तुमच्या बाबांना द्या. मीठ मात्र आवळायचं, पोटात पाणी आहे म्हणून. दिवसाला चमचाभर, आणि त्यात पापड, लोणचं, सांडगी मिरची धरलेली नाही, ती बंदच.

फायब्रोस्कॅन आत्ता नको. पोटात पाणी असताना आकडा भरवशाचा येत नाही, आणि व्हेरिसेस डोळ्यांनी दिसल्यावर तो सांगणार काय? त्यापेक्षा दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (रक्ताची तपासणी) चुकवू नका, या लिव्हरमध्ये कॅन्सर लवकर पकडायचा तो मुख्य मार्ग. हेपटायटिस बी ची लस घ्या.

ट्रान्सप्लांटवाल्यांना एकदा दाखवून ठेवा, लगेच करायचं म्हणून नव्हे. त्यांना पेशंट आधीपासून माहीत असलेला बरा. बँड टाकूनही रक्त थांबेना तर लिव्हरमधूनच आरपार स्टेंटने रस्ता काढतात, टिप्स म्हणतात त्याला, तो पण पर्याय आहे. आणि तुम्ही भावंडं स्वतःची शुगर आणि लिव्हर तपासून घ्या, आईची शुगर वारशात येऊ शकते.

माचीवरून

शेवटचं विचारते, जरा ऑकवर्ड आहे. ते गोड पातळ औषध दिलंय, लॅक्टुलोज. आईला दिवसातून सहा-सात वेळा जावं लागतंय, ती म्हणते हे मी मोरीत ओतून देणार.

तालुक्याचा_फिजिशियन

ओतू देऊ नका. पोटात गेलेलं रक्त कुजून अमोनिया होतो, तो मेंदूवर चढून माणूस बरळायला लागतो, म्हणून ते दिलंय. पण सहा-सात वेळा म्हणजे डोस जास्त होतोय, पाणी आणि क्षार निघून जाऊन उलट गुंगी यायची. मऊ अशी दोन-तीन वेळा व्हावी एवढंच हवं. उद्या सकाळी युनिटला फोन करून डोस कमी करून घ्या. आणि आज संध्याकाळी तिला तारीख-वार विचारून बघा, उत्तर चुकलं किंवा दिवसा झोप, रात्री जाग असं दिसलं तर उद्याची वाट न बघता आत्ताच फोन.

माचीवरून

तारीख विचारली. तारीख, वार, तिथी आणि गॅस कधी बुक केला ते पण सांगितलं. उद्या फोन करते.